जुन्या सायकलचा मधला अ‍ॅक्सल घेताना

मालवणपासून आचऱ्यापर्यंत कोणत्याही वस्तीत जा, दहा घरांत दोन घरांच्या मागीलदारी एखादी जुनी सायकल भिंतीला टेकून उभी असतेच. चोवीस इंची, काळ्या रंगाची, मागे मोठे कॅरियर. घरातल्या आजोबांनी ती घेतली, वडिलांनी वापरली आणि आता तिच्यावर कोंबड्या बसतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "पायडल हलता, आवाज करता, चेन पडता." मग एके दिवशी भंगारवाला येतो आणि किलोच्या भावाने ती घेऊन जातो.

या सायकलीची फ्रेम बहुधा धडधाकट असते. दोष असतो तिच्या पोटात, म्हणजे दोन्ही पायडलच्या दांड्या ज्यावर फिरतात त्या मधल्या जागी. दुकानदार तिथल्या सामानाला बीबी अ‍ॅक्सल, बीबी कप म्हणतो. एक अ‍ॅक्सल, दोन कप, थोडे छर्रे आणि दोन कॉटर पिना, एवढाच हा संसार. तो नीट निवडला तर सायकल पुन्हा शाळेला, बाजाराला, कामाला जाऊ लागते. चुकीचा घेतला तर मात्र आजवर शाबूत राहिलेली फ्रेमच कायमची बाद होते. म्हणून हा विषय थोडा सविस्तर.

आधी दोष कुठे आहे ते ओळखावे. दोन्ही क्रँक, म्हणजे पायडलच्या दांड्या, दोन हातांत धरून सायकलच्या आडव्या दिशेने हलवून पाहा. दोन्ही एकदम हलत असतील तर कप किंवा अ‍ॅक्सल ढिला अथवा झिजलेला आहे. एकच क्रँक हलत असेल आणि चालवताना प्रत्येक फेरीला "टक्" असा आवाज येत असेल, तर केवळ कॉटर पीन गेली आहे. एवढ्यासाठी अख्खा सेट बदलण्याची गरज नाही. कर्र कर्र आवाज येत असेल तर छर्रे सुकले आहेत किंवा फुटले आहेत. दुकानात जाण्यापूर्वी हे पाहून घेतले तर चार भागांचे पैसे देऊन एकाचेच काम करून आणण्याची वेळ येत नाही.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळ जण दुकानात जाऊन "हर्क्युलिसचा अ‍ॅक्सल द्या", "हिंदचा कप द्या" असे कंपनीच्या नावाने मागतात. हे नाव आता फारसे उपयोगी नाही. वरळीची हिंद सायकल आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे १९८० साली खास कायदा करून राष्ट्रीयीकरण झाले. पुढे त्यांचे कारखाने बंद पडले. १९५१ मध्ये सोनिपतला सुरू झालेल्या अ‍ॅटलासने आपला साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद केला. लुधियानाची हिरो (१९५६) आणि मद्रासची टीआय (१९४९), जिच्या हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए या सायकली गावोगाव गेल्या, या चालू आहेत. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या सायकलचा मूळ भाग त्यांच्याकडूनही मिळेलच असे नाही. दुकानात मिळतो तो बहुतेक लुधियानाचा साधा माल. तो वाईट असतो असे मुळीच नाही. मात्र तो मापाने घ्यायचा असतो.

माप कशाचे? फ्रेमच्या खाली जी आडवी नळी असते, जिच्यात कप बसतात, तिचे. ब्रिटिश पद्धतीच्या सायकलीत ही नळी साधारण ६८ मिलिमीटर रुंद असते आणि आत एका इंचात २४ आटे असतात. पण इंग्लंडच्या रॅले कंपनीने स्वतःचे वेगळे माप ठेवले होते. तिच्या कित्येक सायकलींत आटे इंचाला २६ आणि नळी ७१ किंवा ७६ मिलिमीटर रुंद असते. तेव्हा घरची सायकल रॅले किंवा सेन-रॅले असेल तर मोजल्याशिवाय काही घेऊ नका.

इथे एक फसवी गोष्ट आहे. एका कपाचा व्यास १.३७ इंच, तर दुसऱ्याचा १.३७५. फरक एका इंचाच्या हजाराव्या भागाच्या पाचपट, डोळ्यांना दिसणे शक्यच नाही. म्हणून चुकीचा कपही पहिली एक-दोन फेरी गुपचूप आत जातो आणि मग अडतो. मेकॅनिकला वाटते की गंज आहे, तो लांब पाना लावून जोर देतो. कप आत जातो खरा, पण फ्रेमचे आटे कापून. त्यानंतर बरोबर मापाचा कप आणला तरी तो धरत नाही. आमच्या कचेरीत एक नियम असतो की मूळ कागदावर खाडाखोड करायची नाही, नक्कल हवी तेवढी करा. फ्रेम हा मूळ कागद समजावा. नवा कप प्रथम हातानेच तीन-चार फेऱ्या सहज फिरला पाहिजे. नाही फिरला तर थांबावे.

आटे मोजणे अवघड नाही. जुना डावा कप काढून स्वच्छ पुसा. त्यावर पट्टी ठेवून अर्ध्या इंचात किती आटे येतात ते मोजा. १२ आले तर इंचाला २४, १३ आले तर २६. शाळेत जाणारी मुलगीही हे काम करील, आणि तिलाच करू द्यावे. दुकानात जाताना जुना अ‍ॅक्सल आणि कप फडक्यात बांधून बरोबर न्यावे. तोंडी वर्णनापेक्षा नमुना बरा.

काढताना एक ध्यानात असू द्या. चेनच्या बाजूचा, म्हणजे उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला म्हणजे सुटतो. पायडल पुढे मारताना छर्रे घरंगळतात आणि कपाला अ‍ॅक्सलच्या उलट दिशेने हळूहळू ढकलत असतात. सुलटे आटे असते तर हा कप चालता चालता सुटला असता. इटली-फ्रान्सच्या काही जुन्या सायकलींत दोन्ही बाजू सुलट्या असतात, पण तशी सायकल आपल्याकडे क्वचितच. हा उजवा कप खाऱ्या हवेने बहुधा गच्च धरलेला असतो. बॅटरी लावून आत पाहा. छर्ऱ्यांची वाट एकसारखी चमकत असेल, खड्डे नसतील, तर त्याला हात लावू नका. नुसता पुसून राहू द्या. खड्डे असतील तर मात्र दयामाया नको. खड्डे पडलेल्या कपात नवे छर्रे घालणे म्हणजे चार महिन्यांनी तोच खर्च पुन्हा.

अ‍ॅक्सल निवडताना दोन लांब्या पाहायच्या. एक, ज्यावर छर्रे फिरतात त्या दोन कडांमधले अंतर. ते जुन्या अ‍ॅक्सलइतकेच हवे, नाहीतर डावा कप एकतर पुरता आत जाणार नाही किंवा फारच आत जाईल. दुसरी, उजवीकडे बाहेर येणारे टोक. दोन टोकांत फरक असेल तर लांब टोक चेनच्या बाजूला येते. ते फार आखूड झाले तर चेनव्हील फ्रेमला घासते, फार लांब झाले तर चेन तिरकी धावते आणि पडते. बसवल्यावर सायकलच्या मागे वाकून, एक डोळा मिटून पाहा. फ्रीव्हील आणि चेनव्हील एका रेषेत दिसले पाहिजे.

छर्रे पाव इंचाचे, एका बाजूला साधारण ११, म्हणजे दोन्ही मिळून २२. ते मोजून घ्या आणि सगळे एकदमच बदला. जुन्यात चार नवे मिसळले की झिजलेल्या जुन्यांच्या मानाने नवे मोठे ठरतात आणि सगळा भार तेच उचलतात. कपात छर्रे भरल्यावर किंचित जागा राहावी, शेवटचा छर्रा दाबून कोंबू नये.

कॉटर पिनेचा व्यास बहुतेक ठिकाणी साडेनऊ मिलिमीटर असतो, पण ९ मिलिमीटरच्याही मिळतात. पातळ पीन ठोकून बसवली की ती क्रँकचे भोक खाते. दोन्ही पिना एकाच जोडीतल्या घ्याव्यात, नाहीतर दोन्ही पायडल एका सरळ रेषेत येत नाहीत आणि चालवताना पाय लंगडतो. पिना उलटसुलट बसतात, एकीचा नट वर आला तर दुसरीचा खाली. ठोकताना क्रँकखाली जाड पाईप किंवा लाकडाचा ठोकळा टेकू म्हणून द्यायला सांगा. टेकू नसेल तर हातोडीचा घाव थेट छर्ऱ्यांवर बसतो आणि नव्या कपात पहिल्याच दिवशी खड्डे पडतात.

हल्ली तरुण मुले विचारतात की त्यापेक्षा बिनकॉटरचा, चौकोनी टोकांचा बंद बेअरिंगचा सेट का बसवू नये? बसवता येतो. आटे २४ चे आणि नळी ६८ ची असेल तर तो सरळ बसतो, आणि बंद असल्यामुळे खारे पाणी, रेती आत लवकर जात नाही. पण त्याबरोबर दोन्ही क्रँक आणि चेनव्हीलही बदलावे लागते. काढण्याची हत्यारे वेगळी, ती गावातल्या प्रत्येक दुकानात नसतात. बेअरिंग गेले की आख्खा सेट नवा. माझे मत विचाराल तर रोजच्या वापराच्या घरच्या सायकलीला कॉटरचा जुना प्रकारच ठेवावा. मोडकी गिअरची सायकल एकगिअरी करून घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बंद सेट आधीच असतो. फक्त जुन्या जाड दात्यांच्या चेनव्हीलवर गिअरची अरुंद चेन बसत नाही, हे पाहून घ्यावे.

क्रँक बदलणारच असाल तर चेनव्हीलचे दातेही मोजा. पुढे ४८ आणि मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेरीत चाक पावणेतीन फेऱ्यांच्या जवळ जाते. तारकर्ली-देवबागच्या सपाट रस्त्याला ते छान. पण मालवणातून कुंभारमाठाकडे मागे मासळीची टोपली घेऊन चढायचे असेल तर पुढे ४४ आणि मागे २० बरे. फेरी सव्वादोनच्या आत राहते आणि गुडघे वाचतात.

आपल्या किनाऱ्यावर खरा शत्रू मीठ. जुन्या छर्ऱ्यांची जागा डिझेलने धुऊन, कोरडी करून, ग्रीस भरपूर भरावे, नुसते तेल ओतून भागत नाही. पावसाआधी मे महिन्यात एकदा आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात एकदा डावा कप उघडून पाहावा. रेतीतून सायकल आणली तर गोड्या पाण्याने पुसून ठेवावी, पण पाण्याची धार मधल्या जागी मारू नये.

डावा कप आवळताना अ‍ॅक्सल बोटांनी सहज फिरावा पण हलू नये, इतपतच आवळून लॉक रिंग घट्ट करायची. आणि नवे काम करून आणल्यावर दोन-तीन दिवस सायकल चालवली की कॉटरचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यायचे. पीन तोपर्यंत आपल्या जागी बसलेली असते आणि नट ढिला झालेला असतो. हे काम पाच मिनिटांचे आहे. मेकॅनिककडे न जाता घरच्या पान्याने करता येते.