स्वतःच्या बोर्डसाठी ऑडिओ ड्रायव्हर : आवाज आला म्हणजे काम झालं का?

संशोधनात आवाज मोजायचा असेल तर बाजारातला रेकॉर्डर दर वेळी पुरतोच असं नाही. मग आपण स्वतःचा बोर्ड बनवतो, त्यावर लिनक्स चढवतो आणि प्रश्न पडतो, ऑडिओ ड्रायव्हर कोण लिहिणार? घाबरू नका, ड्रायव्हरचा बहुतेक भाग आधीच लिहिलेला असतो. आपल्या वाट्याला थोडंच काम येतं. पण त्या थोड्या कामात एक आकडा असा आहे, की तो चुकला तरी बोर्ड तक्रार करत नाही आणि डेटा मात्र चुकतो. आज त्या आकड्याबद्दल बोलू.

उदाहरण नाशिकचंच घेऊ. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वर आहे. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र झालं. समजा, तिथल्या पक्ष्यांचे आवाज तुम्हाला दिवसरात्र रेकॉर्ड करायचे आहेत. कोणता पक्षी किती वाजता बोलतो आणि त्याच्या आवाजाची वारंवारता किती, हे तुमचे दोन प्रश्न. बोर्डवर एक प्रोसेसर आहे आणि एक कोडेक, म्हणजे माइककडून आलेल्या सिग्नलचे आकडे करणारी चिप. कोडेक म्हणून आपण वुल्फसनची डब्ल्यूएम ८७३१ धरू. चिप जुनी आहे, पण शिकायला उत्तम.

ड्रायव्हरचे तीन भाग

लिनक्समध्ये अशा बोर्डांसाठी 'आल्सा सिस्टिम ऑन चिप' ही व्यवस्था आहे. ती २००७ साली कर्नलमध्ये आली. तिची मुख्य कल्पना म्हणजे कामाची वाटणी. कोडेक ड्रायव्हरला फक्त कोडेक कळतो. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरला प्रोसेसरची ऑडिओ बाजू कळते. आणि मशीन ड्रायव्हर या दोघांचं लग्न लावतो : कोणत्या तारा कुठे जोडल्या आहेत, क्लॉक कोण देणार, हे तो सांगतो. पहिले दोन भाग कर्नलमध्ये बहुधा तयार मिळतात. तिसरा तुमचा, कारण तुमचा बोर्ड जगात दुसऱ्या कोणाकडे नाही. साध्या बोर्डला तर सी भाषेत काही लिहावंही लागत नाही, डिव्हाइस ट्रीमधल्या दहा-पंधरा ओळींत भागतं.

तो आकडा

कोडेक आणि प्रोसेसर आयटूएस या पद्धतीने बोलतात. फिलिप्सने ती १९८६ साली ठरवली. एका तारेवर बिट क्लॉक, दुसरीवर डावं-उजवं सांगणारा क्लॉक, तिसरीवर डेटा. पण हे क्लॉक येतात कुठून? आपल्या बोर्डवर कोडेकला स्वतःचा क्रिस्टल आहे. त्यातून मास्टर क्लॉक मिळतो आणि त्याला भागून कोडेक बाकीचे क्लॉक बनवतो. सेकंदाला ४८,००० नमुने हवे असतील तर क्रिस्टल सहसा १२.२८८ मेगाहर्ट्झचा घेतात, कारण ४८,००० गुणिले २५६ म्हणजे बरोबर १,२२,८८,०००.

आता इथे लक्ष द्या. क्रिस्टल किती मेगाहर्ट्झचा आहे हे कर्नलला दिसत नाही. ते तुम्ही सांगायचं. रास्पबेरी पायला लावायच्या डब्ल्यूएम ८७३१ बोर्डसाठी कर्नलमध्ये एक मशीन ड्रायव्हर आहे, त्यात १२२८८००० हा आकडा सरळ लिहून ठेवलेला आहे. त्या बोर्डसाठी तो बरोबरच आहे. पण तुमच्या बोर्डवर १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल आणि तुम्ही ती फाइल तशीच उचलली तर?

कोडेक ड्रायव्हर तुमच्यावर विश्वास ठेवतो आणि चिपला २५६ ने भागायला सांगतो. १,२०,००,००० भागिले २५६ म्हणजे ४६,८७५. चिप सेकंदाला तेवढेच नमुने देते आणि फाइलवर शिक्का बसतो ४८,००० चा. एररचा एकही मेसेज येत नाही. गंमत म्हणजे या चिपमध्ये १२ मेगाहर्ट्झसाठी वेगळा 'यूएसबी मोड' आहे, त्यात ती २५० ने भागते आणि नेमके ४८,००० मिळतात. ड्रायव्हरला तो मोड माहीतही आहे. तुम्ही खरा आकडा सांगायचा अवकाश.

बिघडतं काय?

१००० हर्ट्झचा आवाज फाइलमध्ये १०२४ हर्ट्झ दिसतो. तासाभराचं रेकॉर्डिंग ५८ मिनिटं ३६ सेकंदांचं भरतं. सलग २४ तास रेकॉर्ड केलं तर शेवटाला पावणेचौतीस मिनिटांचा फरक पडलेला असतो. म्हणजे आपले दोन्ही प्रश्न, किती वाजता आणि किती वारंवारता, दोन्हींची उत्तरं चुकली.

आणि हे कानाला कळत नाही. फरक पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहूनही कमी आहे. 'नाशिक ढोल' लावून तपासलंत तर आवाज दणदणीत येईल आणि तुम्ही खूश होऊन बोर्ड डब्यात बंद कराल.

तपासायचं कसं?

एक, मोबाइलवरून १००० हर्ट्झचा सलग सूर वाजवा, बोर्डवर रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम बघा. टोक १०२४ च्या आसपास दिसलं तर काय झालं ते आता तुम्हाला माहीत आहे. सूर त्याच बोर्डवरून वाजवू नका. वाजवणं आणि रेकॉर्ड करणं एकाच चुकीच्या क्लॉकवर झालं तर चूक चुकीला खाऊन टाकते आणि उत्तर १००० च येतं.

दोन, सुरुवातीला एक टाळी वाजवा, घड्याळ लावून बरोबर तासाने दुसरी. फाइलमध्ये दोन टाळ्यांमधलं अंतर मोजा.

तीन, लॅबमध्ये ऑसिलोस्कोप असेल तर डाव्या-उजव्याच्या क्लॉकची तार थेट मोजा. तिथे जो आकडा दिसेल तोच तुमचा खरा सॅम्पल रेट.

समजा, चूक रेकॉर्डिंग झाल्यावर सापडली. तरी डेटा वाया जात नाही. नमुने खरेच आहेत, फक्त शिक्का खोटा आहे. फाइलवरचा रेट ४६,८७५ केला की काम झालं. पण कोणती फाइल कोणत्या बोर्डवरची हे माहीत हवं. पाच बोर्डांपैकी दोघांचे क्रिस्टल वेगळे असतील आणि फाइली एकत्र झाल्या असतील, तर त्या वेगळ्या करणं फार अवघड. म्हणून फाइलच्या नावात बोर्डचा नंबर घाला आणि प्रबंधाच्या 'पद्धती' प्रकरणात मागितलेला सॅम्पल रेट नाही, मोजलेला लिहा. परीक्षक तो विचारतील न विचारतील, तुमचा डेटा पुढे वापरणारा विद्यार्थी नक्की शोधेल.