फॉर्म पाठवला, पण तो पोचला का?

आजचा विषय तसा रोजचाच आहे: वेबवरचा फॉर्म. आपण बटण दाबतो, पान जागचं हलत नाही, एक छोटं चक्र फिरतं आणि खाली ‘अर्ज मिळाला’ असं येतं. पान न बदलता ब्राउझर मागच्या मागे सर्व्हरशी बोलतो, यालाच असिंक्रोनस सबमिशन म्हणतात. २००५ साली जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. त्याच वर्षी पायथनमधलं जँगो हे फ्रेमवर्क सर्वांसाठी खुलं झालं. आज मी उदाहरण जँगोचंच घेतो. समजा, शिष्यवृत्तीचा अर्ज आहे, शेवटची तारीख आहे आणि नेटवर्क येतंय-जातंय.

पूर्वी सगळं पान नव्याने यायचं. आलं किंवा नाही आलं, ते ब्राउझरच दाखवायचा. आता पान जागेवरच राहतं, म्हणून काय झालं ते सांगायची जबाबदारी आपल्यावर आली. आजचं सगळं बोलणं या एका जबाबदारीबद्दल आहे.

आधी तपासणी बघू. ती तीन ठिकाणी होते.

पहिली ब्राउझरमध्ये. रकाना रिकामा आहे, ईमेलमध्ये ‘@’ नाही, हे तिथल्या तिथे सांगता येतं. पण ही फक्त सोय आहे. ब्राउझरला बगल देऊन कोणीही थेट सर्व्हरला विनंती पाठवू शकतो.

दुसरी सर्व्हरवर. जँगोत फॉर्मला ‘इज व्हॅलिड’ विचारायचं. उत्तर होकारार्थी आलं तर ‘क्लीन्ड डेटा’ वापरायचा. नाही आलं तर चुका रकान्यांच्या नावांसह जेसनमध्ये, ४०० या स्टेटसने परत पाठवायच्या, म्हणजे प्रत्येक चूक तिच्या रकान्याखाली दाखवता येते. विनंतीबरोबर सीएसआरएफ टोकन पाठवायला विसरू नका, नाहीतर जँगो ४०३ देऊन दारातूनच परत पाठवतो.

तिसरी डेटाबेसमध्ये. ही बरेचजण गाळतात. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या, दोघींनी विचारलं, ‘या विद्यार्थिनीचा अर्ज आधी आहे का?’ दोघींना उत्तर मिळालं ‘नाही’, आणि दोन्ही अर्ज जमा झाले! म्हणून ‘एक विद्यार्थी, एक योजना, एकच अर्ज’ हा नियम डेटाबेसमध्येच युनिक कन्स्ट्रेंट म्हणून लिहायचा. मग दुसऱ्या विनंतीला इंटिग्रिटी एरर येते. ती पकडून ‘तुमचा अर्ज आधीच जमा आहे’ असं साध्या भाषेत सांगायचं.

आता ब्राउझरकडे परत येऊ. जावास्क्रिप्टमधल्या ‘फेच’ची एक खोड आहे. सर्व्हरने ४०० दिलं काय किंवा ५०० दिलं काय, फेचच्या दृष्टीने उत्तर आलं, म्हणजे काम झालं. ते ‘कॅच’मध्ये जात नाही. त्यामुळे उत्तराचा ‘ओके’ हा गुणधर्म न तपासता हिरवी खूण दाखवली, तर नाकारलेला अर्जही स्वीकारल्यासारखा दिसतो.

आणि फेच ‘कॅच’मध्ये गेलं, तर? इथे खरी गोम आहे. विनंती पोचलीच नसेल, किंवा ती पोचली, अर्ज जमा झाला आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल. ब्राउझरला यातला फरक कळत नाही. आपण कंटाळून विनंती रद्द केली, तरी सर्व्हरवर झालेलं काम मागे फिरत नाही. म्हणजे उत्तरं दोन नाहीत, तीन आहेत: स्वीकारलं, नाकारलं, माहीत नाही. तिसऱ्या वेळी ‘अर्ज जमा झाला नाही’ असं लिहिणं म्हणजे माणसाला चुकीची माहिती देणं. ‘उत्तर मिळालं नाही, पुन्हा पाठवा, अर्ज दोनदा जमा होणार नाही’ असं लिहा. आणि ते वाक्य खरं ठरेल अशी व्यवस्था करा.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत ती व्यवस्था वरच्या युनिक नियमाने होते. पण देणगी एकच माणूस दोनदा देऊ शकतो. तिथे फॉर्म उघडताना सर्व्हरने एक वेगळा क्रमांक द्यायचा. पुन्हा पाठवताना तोच क्रमांक जातो, आणि सर्व्हर नवी नोंद न करता आधीचंच उत्तर देतो. बटण तात्पुरतं बंद करणं चांगलंच, पण त्याने फक्त दुसरी टिचकी अडते. हरवलेलं उत्तर सापडत नाही.

शेवटी दोन गोष्टी. चूक झाली तरी भरलेली माहिती पुसू नका. आणि संदेश ‘एरिया लाइव्ह’ असलेल्या भागात दाखवा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनाही तो ऐकू येतो.

घरी गेल्यावर एक प्रयोग करा. नोंद जतन झाल्यावर, उत्तर देण्याआधी सर्व्हरला ३० सेकंद थांबवा आणि तेवढ्यात नेटवर्क बंद करा. तुमचा फॉर्म काय म्हणतो, ते वाचा. ते खरं आहे का, ते डेटाबेसमध्ये बघा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.