ढाल किती भरवशाची?

‘क्षेपणास्त्रविरोधी चाचणी यशस्वी’ अशी बातमी आपण अधूनमधून ऐकतो. म्हणजे नेमकं काय झालं, ते आज समजून घेऊ.

पाखरं राखताना आपण गोफण फिरवतो. समजा, समोरून आलेला गोफणीचा दगड आपल्या दगडाने हवेतच फोडायचा आहे. अमेरिकेची यंत्रणा तेच करू पाहते. शत्रूचं क्षेपणास्त्र अवकाशात असतानाच त्यावर दुसरं आदळवायचं. त्यात स्फोटकं नसतात, नुसती धडक. डिसेंबर २००४ आणि फेब्रुवारी २००५ च्या चाचण्यांत अडवणारं क्षेपणास्त्र जागचं हललंच नाही. १ सप्टेंबर २००६ ला धडक बसली. पण चाचणीत समोरचं कुठून सुटणार हे आधीच ठाऊक असतं. शत्रू काही सांगून येत नाही.

दुसरा धोका ढालीतच आहे. ढाल असली की पहिला वार करायचा धीर येतो. मग समोरच्यालाही वाटतं, आपणच आधी मारावं. म्हणून १९७२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत रशियाने करार करून अशा यंत्रणांवर मर्यादा घातली होती. २००२ मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेर पडली.

चारच वर्षांनी पहिल्या वाराची भाषा ऐकू आली. जून २००६ मध्ये उत्तर कोरिया लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र उडवायच्या तयारीत होता. अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री विल्यम पेरी आणि त्यांचे सहकारी ॲश्टन कार्टर यांनी वर्तमानपत्रात लिहिलं, की ते उडण्याआधीच जमिनीवर नष्ट करा. सरकारने तसं केलं नाही. जुलैमध्ये ते उडालं आणि मिनिटभराच्या आत बिघडून कोसळलं.

हल्ला केला असता तर? दक्षिण कोरियाची राजधानी सोल सीमेपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तिथे जवळपास एक कोटी माणसं राहतात, आणि उत्तर कोरियाच्या लांब पल्ल्याच्या तोफा तिथवर पोचतात. अवकाशात धडक देणारी ढाल तोफगोळे अडवत नाही. वार अमेरिकेने केला असता, पण घरं सोलमधल्या बायाबापड्यांची पडली असती.

मैत्रिणींनो, आपल्या देशातही अशा चाचण्या होतात. पुढच्या वेळी ‘यशस्वी’ हा शब्द ऐकलात, तर गटाच्या बैठकीत दोन प्रश्न मांडा. ही ढाल किती भरवशाची? आणि तिच्या जोरावर कुणी पहिला वार केला, तर उलटा वार कुणाच्या दारात पडेल?