जुन्या तलावांची नवी निगा

धान निसवण्याच्या सुमारास पाऊस पंधरा दिवस उघडला, की गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्याची नजर आभाळावरून तलावाकडे वळते. तलावात पाणी असेल तर बांधीला एक ओलीत देता येते व पीक हाती लागते. नसेल तर लोंब्या पोचट राहतात. हा प्रसंग यापुढे वरचेवर येण्याचा संभव आहे. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात पावसाळ्याचे एकूण मान घटत असतानाही विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांसह केलेल्या अभ्यासात 2017 साली दाखविण्यात आले. म्हणजे पाणी एकदम येते आणि मग दीर्घकाळ येत नाही. असे पाणी अडवून ठेवण्याचे साधन या जिल्ह्यात पूर्वीपासून आहे.

पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. त्यांपैकी पुष्कळ तलाव कोहळी समाजाच्या कारागिरीने उभे राहिले. नवेगाव बांध हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. मालगुजारी 1951 च्या सुमारास संपुष्टात आली. तलाव शासनाकडे आले, परंतु गावाची पूर्वीची देखरेख सैल झाली. पाळी खचल्या, तुडुम गळू लागले, पात्रात बेशरम माजला.

अर्जुनी-मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. तलाव हे केवळ पाण्याचे भांडे नसून वनस्पती, मासे व पक्षी यांचे नांदते घर आहे, ही त्यांची भूमिका. कोणती पाणवनस्पती कोठे उगवते, कोणता मासा कोठे अंडी घालतो, याची माहिती त्यांनी ढिवर बांधवांकडून मिळविली. पुस्तकात न सापडणारे बरेच ज्ञान तेथे होते. मग ढिवरांच्याच सहभागाने बेशरम उपटणे, कोरडे पात्र उन्हाळ्यात नांगरणे व पावसाळ्यात देशी पाणवनस्पती लावणे, असा क्रम बसविण्यात आला. या वनस्पतींच्या आश्रयाने मरळ, वाघूर यांसारखे देशी मासे वाढतात. कटला, रोहू यांचे बीज मात्र बहुधा दरवर्षी विकत आणून सोडावे लागते, कारण साचलेल्या पाण्यात ते सहसा प्रजनन करीत नाहीत.

ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. गाळ काढणे आवश्यकच आहे. तो शेतात टाकल्यास जमिनीसही उपयुक्त ठरतो. परंतु यंत्राने तलाव सर्वत्र सारखा खोल खणल्यास काठाची उथळ जागा नाहीशी होते. देवधान व इतर पाणवनस्पती वाढतात त्या तेथेच, आणि मासोळीची पिलेही तेथेच आसरा घेतात. काढलेल्या गाळाचे ढीग मोजणे सोपे असते. तलाव सुधारला किंवा नाही, हे त्यावरून कळत नाही. म्हणून खोलीकरण मध्यभागी करावे, काठाचा उतार राखावा, आणि खणण्यापूर्वी गावातील ढिवर मच्छीमार संस्थेस विचारावे.

बेशरम केवळ कापून भागत नाही. त्याची कांडी ओलाव्यात पडली तरी पुन्हा रुजते. तेव्हा ती मुळासकट काढून पाण्यापासून दूर, कोरड्या जागी वाळवावी. तुडुमाची गळती व सांडव्याची दुरुस्ती मृगापूर्वी उरकावी, कारण पहिल्याच मोठ्या सरीत पाळ फुटली तर खालच्या बांध्यांतील पऱ्हे वाहून जातात.