माल एकाच दारातून विकायचा की खुल्या बाजारात? सभासद माल बाहेर का विकतात ते समजून घ्या



परवाच्या ट्रेनिंगमध्ये जेवणाच्या सुट्टीत एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक जवळ आले. म्हणाले, "सर, आमचे तीनशे सभासद आहेत. सोयाबीनचा बाजार पडला की सगळे कंपनीच्या दारात उभे. बाजार चढला की एकाचं पोतं येत नाही. आता ठरावच करतो. माल कंपनीलाच द्यायचा, बाहेर विकला तर दंड. चालेल ना?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण या प्रश्नावर शेतकरी गेली शंभर वर्षं आपसात भांडतायत, आणि दोन्ही बाजूचे लोक खरं बोलतायत. व्हिडिओत फळ्यावर जो हिशेब मांडला तो इथे सावकाश लिहून देतो. वही घ्या.

समजा कंपनीने हंगामाच्या सुरुवातीला क्विंटलला 4,400 रुपये भाव जाहीर केला. पुढे बाजार 4,800 झाला. सभासद काय करेल? व्यापाऱ्याकडे जाईल. त्याला बेइमान म्हणू नका, तुम्हीही तेच केलं असतं. कंपनीने मात्र गिऱ्हाइकाला मालाचा शब्द दिलेला असतो, आता तो माल आणायचा कुठून? उलट बाजार 4,000 झाला तर सगळा गाव ट्रॅक्टर घेऊन कंपनीत येणार. क्विंटलमागे 400 रुपये तोटा. हजार क्विंटल आले तर 4 लाख गेले. म्हणजे भाव चढला तरी कंपनी अडचणीत, पडला तरी अडचणीत.

आता हेच चित्र मोठं करून बघू. कॅनडाच्या पश्चिमेला अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा हे प्रांत म्हणजे गव्हाचा पट्टा. तिथे 1935 साली सरकारने गहू मंडळ काढलं. सुरुवातीला सक्ती नव्हती, ज्याला पाहिजे त्याने मंडळाला द्यावा. 1938 च्या हंगामात मंडळाने बुशेलला 80 सेंट पहिली उचल ठरवली आणि बाजार त्याच्या खाली गेला. गव्हाचा लोंढा मंडळाकडे आला आणि तोटा सरकारी तिजोरीवर पडला. आपल्या संचालकांची तक्रार बघा, हुबेहूब तीच!

1943 मध्ये सक्ती आली. गंमत म्हणजे ती शेतकऱ्याला जास्त भाव मिळावा म्हणून आली नव्हती. युद्धामुळे गहू महाग होत होता, तो आवरायला आली. पण एकदा आली ती पुढे जवळपास 70 वर्षं राहिली. या पट्ट्यातला निर्यातीचा आणि देशात माणसांच्या खाण्यासाठी जाणारा गहू मंडळामार्फतच विकायचा. पुढे बार्लीही त्यात आली.

पैसे कसे मिळायचे ते नीट समजून घ्या, कारण आपल्याला शिकायचंय ते इथेच आहे. माल दिला की पहिली उचल. वर्षभर मंडळ जगभर गहू विकायचं. मग सगळ्या विक्रीची सरासरी काढायची, खर्च वजा करायचा आणि उरलेली रक्कम प्रतीप्रमाणे सगळ्यांना वाटायची. गहू काढणीच्या वेळी आणलात की वसंतात, त्याच प्रतीला वर्षाअखेर भाव तोच.

ज्यांना हे आवडायचं ते म्हणायचे, "आमच्यासमोर धान्य घेणाऱ्या मोजक्या बलाढ्य कंपन्या आणि दोनच मोठ्या रेल्वे कंपन्या. आम्ही हजारो जण एकमेकांचाच भाव पाडत बसण्यापेक्षा एक दार बरं." ज्यांना आवडत नव्हतं ते म्हणायचे, "शेत माझं, कर्ज माझं, मग विकायचा दिवस दुसरा का ठरवणार? सीमेपलीकडे अमेरिकेत भाव चांगला असेल तर माझी गाडी का अडवता?" काहींनी मुद्दाम परवान्याशिवाय धान्य सीमेपार नेलं. 2002 मध्ये अल्बर्टातले 13 शेतकरी दंड न भरता तुरुंगात गेले. स्वतःचाच गहू विकला म्हणून तुरुंग! दुसऱ्या बाजूचे म्हणत, नियम सगळ्यांना सारखा, तुम्ही चार जण बाहेर गेलात की आमची सरासरी पडते. हेही खोटं नाही.

मग शेतकऱ्यांची मतं घेतली. 2007 मध्ये सरकारने बार्लीवर तीन पर्याय दिले. मंडळाची मक्तेदारी ठेवा: 38 टक्के. मंडळ राहू दे, पण दुसरीकडे विकायची मोकळीक द्या: 48 टक्के. मंडळच नको: 14 टक्के. सरकारने शेवटचे दोन जोडले आणि म्हटलं, 62 टक्के लोकांना बदल हवाय. 2011 मध्ये मंडळाने स्वतः मतदान घेतलं. त्यात गव्हाच्या 62 टक्के शेतकऱ्यांनी एकच दार हवं म्हटलं. बासष्टला बासष्ट! पीक वेगळं, प्रश्न वेगळा आणि प्रश्न विचारणाराही वेगळा. तुमच्या सभेत ठराव मांडताना हे विसरू नका. "कंपनी हवी का?" याला सगळे हात वर करतील. "सगळा माल द्याल का?" म्हटलं की अर्धे हात खाली येतील.

शेवटी कायदा बदलला आणि 1 ऑगस्ट 2012 पासून सक्ती संपली. पुढच्याच वर्षी, 2013 ला, विक्रमी पीक आलं. रेल्वेच्या डब्यांची रांग लागली, गोदामं तुंबली. बंदरावर गव्हाला भाव आहे, पण शेतकऱ्याच्या गावातल्या खरेदी केंद्रावर त्यातला बराच भाग कापला जातोय, अशी हालत झाली. मार्च 2014 मध्ये सरकारला दोन्ही रेल्वे कंपन्यांना आठवड्याला प्रत्येकी किमान 5 लाख टन धान्य हलवायचा आदेश द्यावा लागला. म्हणजे विकायची मोकळीक मिळाली, पण माल न्यायला डबा नसेल तर ती मोकळीक कागदावर. एवढ्यावरून जुनं मंडळच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. एवढं पीक मंडळाच्या काळात आलं असतं तरी डबे तेवढेच होते.

एवढ्या लांब कशाला, आपल्याकडेच बघा. विदर्भ-मराठवाड्यातल्या जुन्या कापूसवाल्यांना एकाधिकार खरेदी आठवत असेल. 1971 चा कायदा, 1972 च्या हंगामापासून योजना सुरू. राज्यातला कापूस या योजनेतूनच घ्यायचा, व्यापाऱ्याला बंदी. हमी भाव आधी, नफा झाला तर वरचा हप्ता नंतर. कल्पना वाईट नव्हती. पण बाहेर भाव चढला की गाड्या रात्रीतून मध्य प्रदेश, गुजरात, आंध्रकडे जायच्या. बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रावर यायचा. दोन्हीकडून भोक! वर चुकाऱ्याला उशीर. घरी लग्न काढलेल्या माणसाला "हप्ता निघेल" हे उत्तर पुरत नाही. 2002 नंतर खासगी खरेदी खुली झाली, आणि मक्तेदारी संपली.

पोलीस आणि तपासणी नाके असून राज्याला माल अडवता आला नाही, तिथे तुमची कंपनी दंडाच्या पावतीवर काय अडवणार? उलट दंड लावाल त्याच्या घरची चूल तुमच्या गल्लीतच आहे. पुढच्या निवडणुकीत तो तुमच्याविरुद्ध उभा.

मग काय करायचं? मी त्या संचालकांना जे सांगितलं तेच सांगतो.

भाव जाहीर करू नका. त्या दिवशीच्या बाजारभावाच्या 75-80 टक्के उचल द्या, बाकी विक्री झाल्यावर सरासरीने. म्हणजे बाजार थोडाफार पडला तरी तोटा कंपनीच्या डोक्यावर बसत नाही. सगळा माल मागू नका, निम्मा मागा. उरलेला निम्मा सभासदाने केव्हाही कुठेही विकावा, त्याची नड त्यातून भागते. आणि हे लेखी, पेरणीच्या आधी. बाजार कुठे जाणार हे कुणालाच माहीत नसतं तेव्हाच प्रामाणिक सह्या होतात. नोव्हेंबरात भाव बघून येणाऱ्याला परत पाठवू नका, पण त्याचा माल सरासरीत घेऊ नका. त्याला त्या दिवसाचा भाव, हमाली-तोलाई वजा करून. इथे ढिले पडलात तर मघाचा चार लाखांचा हिशेब परत सुरू.

उचलीसाठी पैसा कुठून, असा प्रश्न येतोच. ज्याला थांबायचंय त्याच्यासाठी बाजार समितीत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. सोयाबीनवर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम, 6 महिने, 6 टक्के व्याज. तुमच्या समितीत ती चालू आहे का आणि गोदामात जागा आहे का, हे आधी जाऊन विचारा. कॅनडातला शेतकरी वायदे बाजारात भाव बांधून ठेवू शकतो. आपल्याकडे डिसेंबर 2021 मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले, त्यामुळे त्या भरवशावर योजना आखू नका.

आणखी एक. प्रत्येक विक्रीची पावती फळ्यावर लावा: तारीख, गिऱ्हाईक, वजन, भाव, खर्च. सरासरी कशी आली हे सभासदाला स्वतः काढता आलं पाहिजे.

त्या संचालकांनी दंडाचा ठराव सध्या बाजूला ठेवलाय. सभा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आहे. तीनशेपैकी साठ जणांनी सही केली तरी सुरू करा, असं मी सांगितलंय. फक्त साठ जणांच्या निम्म्या मालात किती ट्रक भरतात, ते सभेच्या आधी मोजून ठेवा.