मेंदूची विद्या आणि आपली मुले

हैदराबाद शहरातील चिक्कडपल्ली हा भाग संगीतरसिकांना त्यागराय गानसभेमुळे ठाऊक आहे; परंतु विद्यार्थ्यांच्या तोंडी त्याचे नाव असते ते तेथील मध्यवर्ती ग्रंथालयामुळे. खेड्यापाड्यांतून आलेले तरुण तेथे स्पर्धा-परीक्षांची पुस्तके उघडून दिवसच्या दिवस बसतात. सरकारी नोकरी हे त्यांचे ध्येय असते, आणि ते काही वाईट नव्हे. तथापि त्याच शहराच्या पश्चिमेस, गच्चीबावली येथे, १९७४ साली स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठात एक निराळीच विद्या शिकविली जाते. तिची वार्ता आपल्या गावांपर्यंत क्वचितच पोहोचते. मेंदूचे व्यापार आणि प्राण्याचे वर्तन यांचा संबंध शोधणारी ही विद्या होय. तेथे तिच्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे.

भीती का वाटते, आठवण कशी टिकते, एखाद्याचे मन कायमचे खिन्न का होते, हे या शास्त्राचे प्रश्न. असल्या प्रश्नांची उत्तरे नुसत्या तर्काने मिळत नाहीत. म्हणून संशोधक उंदरांचे निरीक्षण करतात. अधिक-चिन्हाच्या आकाराचा एक उंच मंच असतो. त्याच्या दोन भुजांना भिंती असतात, दोन उघड्या असतात. उंदीर स्वभावतः आडोशाकडे धावतो, पण कुतूहलाने उघड्यावरही डोकावतो. जो भयग्रस्त असतो तो आडोसा सोडीतच नाही. किती वेळ कोठे काढला ते मोजले की भीतीलाही माप मिळते. असे प्रयोग मनास येईल तसे करता येत नाहीत. प्राण्यांना विनाकारण वेदना होऊ नयेत म्हणून संस्थेच्या नीतिसमितीची संमती आधी घ्यावी लागते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांनी याच वाटेने मोठे काम केले आहे. जेझुइट धर्मगुरूंच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेऊन त्या अमेरिकेतील येल विद्यापीठात गेल्या, आणि पुढे मायदेशी परतल्या. २०१५ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. उंदराची पिल्ले जन्मानंतर पहिले दोन आठवडे रोज काही तास आईपासून दूर ठेवली, तर मोठेपणी त्यांच्या वर्तनात व मेंदूतील सेरोटोनिनच्या कार्यात काय फरक पडतो, हा त्यांच्या प्रयोगशाळेच्या अभ्यासाचा एक विषय. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि यावरून कोणत्याही मातेला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु बालपणीच्या आघाताची खूण शरीरातही उरू शकते, एवढे यातून कळते.

हे कळणे आपल्या घरांसाठी लहानसहान नाही. गावात कोणी अबोल झाले, जेवेनासे झाले, की 'बाधा झाली' किंवा 'ढोंग करतो' असे म्हणून आपण मोकळे होतो. त्याचा मेंदू आजारी असेल, आणि त्यावर उपचार असतील, हा विचार फार उशिरा सुचतो. तोवर घराची पुष्कळ हानी होऊन गेलेली असते.

काही पालकांना शंका येते, की मेंदूचे कोडे उकलू लागले तर आत्म्याचे काय? त्यांनी नील्स स्टेन्सन यांचे चरित्र आठवावे. या डॅनिश शरीरशास्त्रज्ञांनी १६६५ साली पॅरिस येथे मेंदूवर व्याख्यान दिले, आणि मेंदूविषयी आपले ज्ञान किती तोकडे आहे हे निर्भीडपणे सांगितले. विख्यात तत्त्वज्ञ देकार्त यांची मेंदूविषयीची कल्पना प्रत्यक्ष रचनेशी जुळत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १६६७ साली ते कॅथलिक झाले, १६७७ साली बिशप झाले, आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. सुरी हाती धरून सत्य शोधणारा मनुष्य श्रद्धेपासून दुरावला नाही.

उरतो प्रश्न पैशाचा आणि काळाचा. पदवीनंतर दोन वर्षे एम. एस्सी., मग पीएच. डी.ची पाच-सहा वर्षे, असा हा लांब पल्ला आहे. मात्र राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन-छात्रवृत्ती मिळविणाऱ्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. म्हणजे पीएच. डी.साठी शेत गहाण टाकावे लागत नाही. नोकरीची हमी मात्र कोणी देत नाही, हेही मुलांना आधीच सांगावे. पहिल्याच वर्षी प्रयोग फसतील. पुन्हा करावे लागतील.

आईबापांनो, तुमची मुलगी शास्त्रशाखेत रमली असेल, आणि 'माणूस असा का वागतो?' असे विचारीत असेल, तर तिला गप्प करू नका. तिच्या शिक्षकांशी बोला, प्रवेश-परीक्षांची माहिती वेळीच मिळवा. लग्नाचे पाहू लागण्यापूर्वी तिच्या प्रश्नाचेही थोडे पाहा. ज्या घरात दुखणाईत मन आहे, त्या घराला अशा मुलीची वाट पाहावी लागत आहे.