मुद्देमालाविना शाबीत झालेला गुन्हा

पॅरिसच्या मठात राहून युरोपभरच्या विद्वानांशी अखंड पत्रव्यवहार चालविणाऱ्या मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने 1644 साली एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत असे विधान केले की, दोनाच्या घातातून एक वजा केला असता मूळ संख्या हाती यावी असे 257 पर्यंतचे घातांक 2, 3, 5, 7, 13, 17, 19, 31, 67, 127 आणि 257 एवढेच होत. पुरावा त्याने दिला नाही, आणि त्या काळच्या साधनांनी देता आलाही नसता. पुढे 61, 89 व 107 हे खरे घातांक यादीतून निसटल्याचे, आणि 67 व 257 हे खोटे तीत घुसल्याचे निष्पन्न झाले.

यांपैकी 67 ची हकीकत विशेष मनोरंजक आहे. त्या घातांकाची संख्या 14,75,73,95,25,89,67,64,12,927, म्हणजे एकवीस अंकी. 1876 साली एदुआर ल्युका याने ती संयुक्त असल्याचे दाखविले, परंतु तिचा एकही अवयव न सांगता! त्याच्या कसोटीला लेहमर या गणितज्ञाने 1930 साली सुटसुटीत रूप दिले, त्यानुसार चारापासून आरंभ करून वर्ग करावयाचा, दोन वजा करावयाचे, परीक्ष्य संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावयाची, आणि हा क्रम 65 वेळा चालवावयाचा. अखेर शून्य उरले तर संख्या मूळ, एरवी संयुक्त. गुन्हा शाबीत झाला, मुद्देमाल मात्र बेपत्ताच राहिला.

तो 31 ऑक्टोबर 1903 रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन गणित सभेच्या बैठकीत कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी हजर केला. त्यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर एकीकडे दोनाचा 67 वा घात काढून त्यातून एक वजा केला, दुसरीकडे 19,37,07,721 आणि 7,61,83,82,57,287 यांचा गुणाकार मांडला, दोन्ही उत्तरे जुळली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, असे गणिताच्या इतिहासाचे लेखक एरिक टेंपल बेल सांगतात. शोधास तीन वर्षांचे रविवार लागले, हे कोल यांचे उत्तरही बेल यांनीच नमूद केले आहे. बेल हे कथा रंगविण्यात वाकबगार असल्याने टाळ्यांचा हिशेब मी थोडा हात राखूनच धरतो; गुणाकाराला मात्र कोणाच्या साक्षीची गरज नाही.

शोध आंधळा नव्हता. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव 134 च्या पटीहून एकाने अधिक असलाच पाहिजे, आणि त्यास आठाने भागता बाकी 1 किंवा 7 च उरली पाहिजे. वर्गमूळ सुमारे 1,215 कोटी. म्हणजे पहिल्या अटीनंतर नऊ कोटींवर उमेदवार उरतात आणि दुसरीने त्यांतले निम्मे गळतात. उरलेल्या साडेचार कोटींतून एकेकास भागून पाहणे एका माणसाच्या हातून होणारे नव्हे, म्हणून कोल यांनी वर्गशेषांच्या आधारे आणखी अटी लादून उमेदवारांची संख्या कितीतरी घटविली. वाचकाने कागद घेऊन पहिल्या अवयवातून एक वजा करावा आणि 134 ने भागावे: भागाकार 14,45,580, बाकी शून्य.